टू-लेटचा बोर्ड

लष्कर मोहल्ला, मैसूर
रविवार, ६ एप्रिल २०२५

चि. भाग्या हिस,
अक्काचे आशीर्वाद.

पाकिटावरचं अक्षर बघून तू हे फाडलं नसशील अशी आशा धरून लिहिते. फोन केला असता, नंबरही आहे माझ्याकडे. पण फोन ठेवून देता येतो, पत्र निदान फाडायला तरी हातात घ्यावं लागतं. कन्नडात लिहिणं मला सोपं गेलं असतं. पण अप्पांनी काळ्या सुटिंगच्या तुकड्यावर शिंप्याच्या खडूने गिरवून घेतलेली मराठी अक्षरं आता आपल्या दोघींखेरीज कुणाला येत नाहीत, म्हणून मराठीत. चुकलं तर सांभाळून घे.

पत्ता कुठून मिळाला ते आधी सांगते, नाहीतर तू तेवढ्यावरच अडून बसशील. चोरला. मी अकरा वर्षं ‘अंगण’ नावाच्या संस्थेत काम करते. वीसेक देशांतली सोळा-सतरा वर्षांची मुलं इथे येतात, वर्षभर एखाद्या घरात त्या घरचं मूल होऊन राहतात, इथल्या शाळेत जातात. कुठलं मूल कुठल्या घरी, हे मी ठरवते. गेल्या सोमवारी यंदाचे अर्ज आले. त्यात एक नीमा बराका मुशी, वय सोळा, गाव मोशी, देश टांझानिया. दुसऱ्या पानावर आईचं नाव, भाग्या गुंडूराव. अर्जातला पत्ता खासगी कामाला वापरायचा नाही असा नियम आहे. नव्या लोकांना तो नियम दरवर्षी मीच वाचून दाखवते.

फोटो बघताच ओळखलं मी. कपाळ तुझं, आणि फोटो काढणाऱ्यावर रागावल्यासारखं बघणंही तुझंच.

तिनं मैसूरच का मागितलं गं? तू सांगितलंस, की तुला न विचारता? ‘घरी बोलल्या जाणाऱ्या भाषा’ या रकान्यात तिनं स्वाहिली, इंग्रजी आणि मराठी लिहिलंय. मराठी कोण बोलतं? तू बोलतेस आणि बाकीचे ऐकतात? कढीपत्ता मिळतो का तिकडे? आणि गावाचं नाव मोशी. मी मोठ्याने वाचलं तर मला मावशीच ऐकू आलं. हसू आलं, मग हसू गेलं.

तुझी सही मात्र अजून आलेली नाही. तीस जूनपर्यंत पालकांची सही आली नाही तर तिची जागा जाते, आणि पुढच्या वर्षी तिचं वय बसत नाही. आमच्या पत्राखाली माझं नाव छापलेलं असतं, को-ऑर्डिनेटर लक्ष्मीदेवी. ते वाचून तू हात आखडलास असं मला वाटतं. सुम्ने, उगीच आपलं वाटतं म्हणते, माहीत काहीच नाही.

अप्पा जाऊन नऊ वर्षं झाली. कळवलं नाही. पत्ता नव्हता असं मी स्वतःला सांगत आले, पण शोधला असता तर मिळाला असता.

ऑफिसातली एक गंमत सांगते. आमच्या मुख्य कचेरीने सगळ्या देशांना एक प्रतिज्ञा पाठवलीय. रंगावरून, वंशावरून कुठल्याही मुलाला कमी लेखणार नाही, आणि आजवर लेखलं असेल तर शोधून दुरुस्त करू, अशी. कन्नड आणि मराठी भाषांतर माझ्याकडे. मी ‘वांशिक समतेसाठी आपले सहकार्य हवे’ असं लिहून मराठी घरांना धाडलं. आपले मानाजीराव आहेत ना, जुन्या राजाच्या घोडदळातल्या घराण्यातले, त्यांनी उलट टपाली पाच पानांची वंशावळ पाठवली. खाली लिहिलं होतं, आमचे सहकार्य सोबत जोडले आहे. आमचा ऑफिसप्रमुख शशांक, बत्तीस वर्षांचा पोरगा, हसून हसून खुर्चीवरून पडायचा राहिला. आता सांग, मराठीत ‘रेस’ला शब्द तरी काय आहे? वंश म्हटलं की खापरपणजोबा उठून बसतो.

वरची खोली तशीच आहे. भाड्याने दिली नाही. तो टू-लेटचा बोर्ड आठवतो का, अप्पांनी स्वतः रंगवलेला? तू गेलीस त्याच आठवड्यात तो नाहीसा झाला. मधे एकदा रंगवायला म्हणून मी तो खाली काढला होता, पण परत लावला होता हे पक्कं आठवतं. पत्र्याच्या बोर्डाचं चोराला काय काम? अठरा वर्षं हा प्रश्न डोक्यात आहे.

सहीचं बघ.
तुझी अक्का


रविवार, २७ एप्रिल

चि. भाग्या हिस,
आशीर्वाद.

उत्तर नाही. तीन आठवड्यांत ते येणार नाही हे कळतं मला, तरी पोस्टमनला दोनदा विचारलं. तो म्हणाला, मॅडम, आजकाल बँकेशिवाय पत्रं येतात कुणाला?

त्या प्रतिज्ञेचा दुसरा भाग आलाय. दहा वर्षांत कुठलं मूल कुठल्या घरी ठेवलं ते सगळं काढून बघा. म्हणजे माझंच काम काढून बघा. शशांकने फायली टेबलावर मांडल्या आणि विचारलं, मॅडम, या कोपऱ्यातला हिरवा ठिपका कसला?

तुलाही सांगते. माझ्या वहीत काही घरांपुढे हिरवा ठिपका आहे. ती ॲडजस्ट करणारी घरं. मैसुरात हा शब्द किती गोड आहे ते तुला ठाऊक आहे. बसमध्ये तिघांच्या सीटवर चौथा बसतो तो ‘स्वल्प ॲडजस्ट माडि’, थोडं सांभाळून घ्या, म्हणूनच. तर जी मुलं ठेवायला अवघड, त्यांच्या फायलीवरही मी हिरवा ठिपका देते. मग ठिपक्याचं मूल ठिपक्याच्या घरी. पटकन जुळतं, कुणाचं मन दुखत नाही.

शशांक म्हणाला, अवघड म्हणजे?

मी म्हटलं, अवघड म्हणजे अवघड.

तो मोजायला बसला. आफ्रिकेतून आलेली चौतीस मुलं. त्यातली एकतीस ठिपक्याच्या त्याच सात घरांत. पाच घरं नंजनगूडची, दोन पार बेट्टदपुराकडची. फ्रान्सची एक काळी मुलगी होती, तीही तिथेच. जपानची, जर्मनीची मुलं इथे गावात, शाळेपासून चालत दहा मिनिटांवर. नंजनगूडची पोरं रोज सकाळी बसमध्ये लोंबकळत यायची, आणि मी त्यांना उशिराबद्दल बोलायची.

मला राग आला गं. ती सात घरं काय वाईट आहेत? त्यांच्याइतकी मायेची माणसं नाहीत. आणि मी हे कुणासाठी केलं? एखाद्या घराने नाही म्हटलं, ते त्या लेकराच्या कानावर गेलं, तर त्याला काय वाटेल? तो नकार मी त्यांच्यापर्यंत पोचूच दिला नाही. हे सगळं मी शशांकला एका दमात सांगितलं.

तो हळूच म्हणाला, बाकीच्या घरांनी नाही म्हटलं होतं का?

हो, म्हटलं मी.

कुठे लिहून ठेवलंय?

लिहून कशाला ठेवायचं? मी वही उघडली, आणि मलाच कुतूहल वाटायला लागलं. नेमकं कोण कोण नाही म्हणालं होतं? तू मला ओळखतेस, एकदा किडा शिरला की मी जेवत नाही. दोन घरं आठवली. दोन्ही पहिल्या वर्षीची. ठिपका नसलेल्या बाकी बत्तीस घरांचा नकार मला शब्दाने आठवेना. म्हणून मी रोज संध्याकाळी एकेका घरी जायला लागले, कॉफी पिते आणि सरळ विचारते.

काल मानाजीरावांकडे गेले. आधी वंशावळीबद्दल अर्धा तास ऐकावं लागलं. मग मी विचारलं, राव, तुमच्याकडे आफ्रिकेतलं मूल ठेवायला तुम्ही नाही म्हणाला होता ना? म्हातारा माझ्याकडे बघतच राहिला. म्हणाला, ‘लक्ष्मीदेवी, मला विचारलंत कधी?’

आतापर्यंत चौदा घरं झाली. त्यातल्या दोघांनी आडवळणाने नाही म्हटलं. एकीला मुलगाच नको होता, कुठलाही. अकरांनी हेच म्हटलं, आम्हाला विचारलं कुणी?

घरी आल्यापासून हे वाक्य कानात आहे. हे मी आधी कुठेतरी ऐकलंय, आणि कुठे ते मला आठवतंय, पण आज लिहवत नाही.

तुमच्याकडे नवा माणूस घरात ठेवायचा तर काय बघतात? सहज विचारते.

अक्का


रविवार, १८ मे

चि. सौ. भाग्या हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र गुरुवारी आलं. अठरा वर्षांनी दोन ओळी. पाठच झाल्यात. ‘अक्का, माझ्या नावाआधी तू सौ. लिहिलं नाहीस. आणि नीमाचा फोटो बघून आधी काय केलंस, ते खरं लिही.’

सौ. मुद्दाम गाळलं नव्हतं असं लिहिणार होते. मग पेन थांबलं. मी ऑफिसच्या पत्रातसुद्धा सौ. विसरत नाही. हात आपोआप चुकतो तेव्हा त्याला कुणीतरी शिकवलेलं असतं. आज वर लिहिलंय. ते लिहून मग पत्र सुरू केलं.

आता फोटो. ‘बघताच ओळखलं’ हे खोटं आहे.

त्या सोमवारी चाळीस अर्ज होते. मी नेहमीसारखी पहिलं पान बघत गेले. तुझ्या मुलीचा फोटो बघितला, रंग बघितला, केस बघितले, आणि हिरव्या पेनाने कोपऱ्यात ठिपका दिला. एक सेकंद लागला असेल. नाव वाचलं नाही. फाइल डावीकडच्या गठ्ठ्यात टाकली, नंजनगूडच्या. कपाळ दिसलं नाही मला, डोळे दिसले नाहीत. माझी भाची माझ्या हातात होती आणि मी तिला अवघड ठरवून बाजूला ठेवलं. दुपारी भाषांचा तक्ता करायला दुसरं पान उलटलं, तेव्हा मराठी दिसलं. मग तुझं नाव. मग मी परत पहिलं पान उघडलं, आणि मग तुझं कपाळ दिसलं.

ठिपका खोडरबराने जात नाही. ब्लेडने खरवडला तर कागद फाटला. म्हणून मी आधी खोटं लिहिलं.

तुला कसं कळलं गं? फॉर्मचा फाटका कोपरा तर तुला दिसणं शक्य नाही. म्हणजे तू मला ओळखतेस, एवढंच. मला याचा राग यायला हवा, पण खरं सांगू, बरं वाटलं. इतक्या वर्षांत मला पुरतं ओळखणारं दुसरं कुणी राहिलेलं नाही.

शुक्रवारी मी शशांकला सगळं सांगितलं. ठिपका, नीमा, तू, चोरलेला पत्ता. त्याने लगेच मुख्य कचेरीला कळवलं. संध्याकाळी तिथल्या बाई स्क्रीनवर आल्या. त्यांनी आवाज चढवला नाही, मी तयारी चढलेल्या आवाजाची केली होती. त्यांनी विचारलं, तुम्ही हे कशासाठी करत होता? मी म्हटलं, नकार टाळायला. त्या म्हणाल्या, कुणाचा नकार? 

घरं ठरवायचं काम माझ्याकडून गेलंय. आता ते शशांक करणार. फोटो झाकून ठेवायचे, आधी घरांना विचारायचं, उत्तर लिहून घ्यायचं, मग जुळवायचं. मला भाषांतर आणि शाळेचे दाखले दिलेत. अकरा वर्षांची वही मी स्वतः त्याच्या टेबलावर नेऊन ठेवली. वाईट वाटलं. ती वही छान होती, घराघरातल्या कुत्र्यांची नावंसुद्धा होती तीत.

नीमा माझ्या हाताखाली येणार नाही, माझ्या घरीही राहणार नाही, नात्यातल्या माणसाला ठेवून घेता येत नाही. तेव्हा सहीच्या वेळी मला मधे धरू नकोस. पण तू धरणार, मला माहीत आहे. एक गोष्ट अजून सांगायची राहिलीय.

अक्का


रविवार, ८ जून

चि. सौ. भाग्या हिस,
अनेक आशीर्वाद.

सही आलेली नाही. बावीस दिवस उरलेत. मी मागत नाही. पण हे वाचायच्या आधी तू ‘नाही’ ठरवू नयेस, म्हणून स्पीड पोस्टाने पाठवते.

बोर्ड मी रंगवायला काढला नव्हता.

२००६ साल, शनिवार, सकाळचे दहा. तू कॉलेजात होतीस. अप्पा खाली दुकानात मशीनवर होते, लग्नसराईची ब्लाउजं चालली होती. मी वरच्या खोलीच्या खिडकीत केस विंचरत होते. समोरच्या फुटपाथवर एक उंच काळा मुलगा उभा राहून आपला बोर्ड वाचत होता. हातात प्लास्टिकची फाइल, शर्ट इस्त्रीचा. तूच त्याला पाठवलं होतंस, एवढी रिकामी खोली आहे म्हणून. ते मला नंतर कळलं.

तो रस्ता ओलांडायला लागला तशी मी खिडकीतून हात घालून बोर्ड काढला. पळत खाली आले, मागच्या जिन्याने, म्हणजे अप्पांना दिसू नये. दारात त्याला गाठलं. बोर्ड पाठीमागे धरला होता, वर पदर. म्हटलं, रूम गॉन. गेली. तो माझ्या खांद्याकडे बघत होता. नंतर आरशात बघितलं तर पदरातून पत्र्याचा कोपरा बाहेर आला होता. तो म्हणाला, थँक यू मॅडम. इतक्या शांतपणे म्हणाला की मला वाटलं त्याने पाहिलंच नाही. आता वाटतं, त्याला सवय असावी.

दुकानातून अप्पांनी हाक मारली, कोण आलं होतं गं? मी म्हटलं, कोणी नाही.

संध्याकाळी बोर्ड परत लावला. तू सहाला आलीस. वर बघितलंस आणि मला विचारलंस, ‘रूम आहे का अजून?’ मी म्हटलं, आहे ना. तुझ्या विचारण्यावरूनच कळलं, त्याला तूच पाठवलं होतंस. मग मी तुला स्वयंपाकघरात ओढून नेलं आणि सांगितलं, अप्पांना ते चालणार नाही, तू त्यांच्यासमोर विषय काढू नकोस.

भाग्या, अप्पांना मी विचारलंच नव्हतं. त्या दिवशी नाही, पुढे कधीच नाही. तू वर्षभराने त्याच्याशी सही करून लग्न केलंस आणि न सांगता गेलीस. कारण तुला पक्कं वाटत होतं की ज्या माणसाने भाड्याची खोली दिली नाही तो मुलगी कशी देईल. ते पक्कं मी केलेलं होतं.

अप्पा रागावले, हे खरं. पण कशावर, ते ऐक. पुढे नऊ वर्षं, दुकानात कुणीही तुझं नाव काढलं की ते मापाची पट्टी गळ्यात तशीच ठेवून म्हणायचे, ‘मला विचारलं कुठे कोणी.’ एवढंच. मला वाटायचं, म्हातारपणाचं पालुपद आहे. मानाजीराव एप्रिलमध्ये तेच बोलले तेव्हा कळलं, ते पालुपद नव्हतं.

विचारलं असतं तर अप्पा हो म्हणाले असते की नाही, मला खरंच माहीत नाही. उगीच तुला गोड सांगणार नाही. कदाचित आधी नाही म्हणाले असते, मग दोन दिवस जेवले नसते, मग त्याच्या शर्टाचं माप घ्यायला बसले असते. पण ते त्यांचं त्यांनी ठरवायचं होतं. त्यांच्या वतीने नकार मी दिला, आणि तो त्यांच्या नावावर राहिला. ते गेले तेही तो नावावर घेऊनच. ऑफिसात मी बत्तीस घरांच्या बाबतीत तेच केलं. कुणाचा नकार, असं त्या बाईंनी विचारलं होतं ना. माझा होता. मला भीती वाटायची, आणि ती मला माझ्या नावावर नको होती.

माफ कर, असं लिहायचा मला हक्क नाही, पण वाटतं तर आहे. अप्पांना माफ कर हे मात्र हक्काने लिहिते, कारण त्यांनी काही केलंच नव्हतं.

एक विचारू? चुकीचं असलं तर उत्तर देऊ नकोस. त्या शनिवारपर्यंत तो तुझा कुणीच नव्हता ना? नुसता वर्गातला? संध्याकाळी तू त्याची माफी मागायला गेलीस, आणि तिथून पुढचं सगळं झालं? म्हणजे हे लग्न मीच जमवलं की काय, असं मला कधीकधी वाटतं, आणि हसावं की रडावं कळत नाही.

अक्का


रविवार, १० ऑगस्ट

चि. सौ. भाग्या हिस,
अनेक आशीर्वाद.

सही अठ्ठावीस जूनला आली तेव्हा शशांकने मला बोलावून फक्त कागद दाखवला. सोबत तुझी एक ओळही नव्हती. मी दाखल्यांच्या कपाटामागे जाऊन दोन मिनिटं उभी राहिले आणि परत कामाला लागले.

नीमा बरी आहे. तू रोज फोनवर बोलतेस, तरी माझ्याकडूनही ऐक. ती मानाजीरावांकडे आहे. मी केलं नाही, शशांकने फोटो झाकूनच जुळवलं. मानाजीरावांनी अर्जावर लिहिलं होतं, ज्याला ऐकायला आवडतं असं मूल द्या. पहिल्याच दिवशी म्हाताऱ्याने वंशावळ काढली आणि तिला म्हणाला, आता तुझी सांग. तिनं बाबाच्या बाजूच्या सात पिढ्या घडाघडा सांगितल्या. तिकडे पाठ करून घेतात म्हणे. मानाजीरावांना स्वतःच्या चौथ्या पिढीला कागद बघावा लागतो. तेव्हापासून ते तिला अहो-जाहो करतात. सगळंच गोड नाही हं. शाळेत दोघीतिघींनी केसांना विचारल्याशिवाय हात लावला, एका रिक्षावाल्याने तिला बघून मीटर बंद केला. ती ऑफिसात सांगायला आली तेव्हा शशांकने ते लिहून घेतलं, आणि शाळेत जाऊन आला. मीही गेले होते, मागे उभी राहायला.

आज ती पहिल्यांदा घरी आली. दारात मला बघून म्हणाली, ‘मावशी, मी मोशीहून आले.’ आणि स्वतःच हसली. तिचं मराठी अगदी अप्पांचं आहे गं. ‘कापड’ म्हणताना ती पहिल्या अक्षरावर तसाच जोर देते. तू न बदलता ठेवलंस सगळं. माझंच बिघडलं, अर्धं कन्नड झालं.

मग तिनं पाठीवरच्या पिशवीतून एक चादरीत गुंडाळलेली वस्तू काढली.

म्हणजे तू नेलास. अठरा वर्षं मी भंगारवाल्यांना विचारत होते आणि बोर्ड किलीमांजारोच्या पायथ्याशी. कशाला नेलास, ते मी तिला विचारलं. ती म्हणाली, आई म्हणते, परत कुणाला दाखवून लपवायला नको म्हणून. मी मान हलवली. 

पुढची बाजू जशीच्या तशी आहे, अप्पांचा निळा रंग, वर कन्नड, खाली टू-लेट. तिनं तो उलटा केला. मागे काळा रंग, आणि पांढऱ्या पेंटने तुझी मुळाक्षरं. ती म्हणाली, मी यावरच शिकले. क कात्रीचा, ख खडूचा, द दोऱ्याचा, ब बाबाचा, म मशीनचा. अख्खं दुकान आहे त्यावर. मी एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचत गेले, पोर शेजारी मांडी घालून बसलेली.

अ सर्वांत शेवटी वाचला, कारण तिथला पेंट नवा होता. अ अप्पाचा.

नीमा म्हणाली, हे आईने जूनमध्ये बदललं. तुमचं पत्र वाचलं, रडली, मग ब्रश घेऊन आली.

मी बोर्ड खिडकीकडे तिरका धरला. नव्या काळ्या पट्ट्याखाली जुनी अक्षरं उंचवट्यासारखी दिसतात. अ अक्काचा, असं होतं. एवढं सगळं होऊनही तू तुझ्या लेकीला पहिलं अक्षर माझ्या नावाने शिकवलंस, आणि मी तिला एका सेकंदात ठिपका दिला. नीमासमोर रडायचं नाही असं ठरवलं होतं, ते काही जमलं नाही. तिनं पाणी आणून दिलं.

बरोबर केलंस. ती जागा त्यांचीच होती, मीच अडवून बसले होते.

बोर्ड लावलाय. निळी बाजू रस्त्याकडे, मुळाक्षरं खोलीत. कोण येईल ते येऊ दे, खिडकीत मी बसत नाही, खाली दुकानात बसते, म्हणजे जो येईल त्याला दारातच भेटता येईल. आणि त्या पहिल्या माणसाला माझा एक निरोप दे. आपल्याकडे जावयाच्या नावाला राव लावतात, आणि मी तर त्यांचं नावही कधी तोंडाने घेतलं नव्हतं. बराकाराव यांना माझा नमस्कार सांग. त्यांना सांग, रूम गेली नव्हती.

आता माझा शेवटचा प्रश्न. मी बोर्ड पुन्हा पुन्हा तपासला. ज्ञच्या पुढे कोपऱ्यात चार बोटं काळी जागा रिकामी आहे, तिथे तू काहीच लिहिलेलं नाहीस. नीमा म्हणते, ती पहिल्यापासूनच रिकामी आहे, आईला विचारा.

म्हणून विचारते. रूम आहे का अजून?

तुझी
अक्का